जुन्या डिझेल पिकअपला वापरलेला टर्बो बसवताना: इंजिनाच्या तपासणीपासून घाटातल्या चाचणीपर्यंत

बुऱ्हाणपूर-खंडव्याकडून केळी भरून इंदूरला येणारी जुनी पिकअप बडवाहपर्यंत बिनतक्रार धावते. भेरूघाटाची चढण लागली की दुसऱ्या गिअरवर येते, मागे काळा धूर सोडते आणि मागच्या ट्रकांचे हॉर्न ऐकत कशीबशी वर चढते. बहुतेक वेळा इंजिन खराब नसतं, त्याला हवा कमी पडते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो, आणि मे महिन्यातल्या ४२ अंशांत हवा आणखी विरळ होते. पंप मात्र तेवढंच डिझेल फवारत राहतो. जे जळत नाही ते काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि एक्झॉस्ट भलताच तापतो.

टर्बो बाहेर जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर पंखा फिरवतो आणि हवा दाबून इंजिनात भरतो. जुन्या गाडीत त्याच्याकडून एवढंच मागावं: आधीच फवारलं जाणारं डिझेल पूर्ण जळावं आणि भरलेली गाडी घाटात तिसरा गिअर धरून राहावी. याहून जास्त मागितलं की जुनं इंजिन फार दिवस साथ देत नाही. पुढची सगळी मापं याच हिशेबाने दिली आहेत.

आधी कागद

पाना हातात घेण्याआधी हे वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए आलं. विनापरवानगी बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखीच घ्या. विमा कंपनीला कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला पुरेसा ठरू शकतो. परवानगी मिळाली नाही तर हा बदल करू नका. मला हा नियम जाचक वाटत नाही. ब्रेक, चासी आणि गिअरबॉक्स मूळ ताकदीच्या हिशेबाने बनवलेले असतात, आणि भरलेल्या पिकअपपुढे रस्त्यावर दुसऱ्यांची मुलंबाळं असतात.

इंजिन या कामाच्या लायकीचं आहे का

थकलेल्या इंजिनाला टर्बो लावणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. त्यामुळे सर्वात आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. इंजिन गरम करा, सगळे नोझल काढा आणि प्रत्येक सिलिंडरचं रीडिंग लिहून ठेवा. चांगल्या डिझेल इंजिनात ते साधारण २५ ते ३० बारच्या आसपास येतं. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा आहे. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा चार बारने खाली असेल तर आधी इंजिनकाम करून घ्या, टर्बोचा विचार नंतर.

मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून भकाभका धूर येत असेल तर रिंगा गेल्या आहेत. गरम इंजिनाचा ऑइल प्रेशर मीटर लावून बघा. आयडलला निदान १ बार आणि ३,००० फेऱ्यांना ३ बारच्या आसपास दाब हवा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेऊ शकतो, आणि तो बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल प्रेशर कमी असेल तर कितीही महागडा टर्बो आणा, टिकणार नाही.

रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांची आतून सफाई) करून घ्या, नोझल डिझेल लॅबमध्ये तपासून घ्या, पंपाचं टायमिंग बरोबर आहे ना ते पाहा. ही कामं कंटाळवाणी आहेत. पण निम्म्या गाड्यांची घाटातली रड एवढ्यावरच थांबते, आणि मग टर्बोची गरजच उरत नाही.

गव्हर्नर ओळखा

हा मुद्दा गॅरेजमध्ये सर्वात जास्त दुर्लक्षित राहतो, म्हणून वेगळा सांगतो. गव्हर्नर म्हणजे इंजिनाच्या वेगाप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणारा पंपाचा भाग. काही जुन्या इंजिनांच्या मायको (बॉश) डिझेल पंपावर व्हॅक्यूमवर चालणारा गव्हर्नर असतो. इनटेकच्या तोंडाशी बटरफ्लाय झडप असते आणि तिथून एक बारीक नळी पंपाच्या मागच्या डायफ्रामला जाते. त्या नळीतल्या व्हॅक्यूमवरच पंप डिझेल किती सोडायचं ते ठरवतो. अशा इनटेकमध्ये टर्बोचा दाब शिरला की व्हॅक्यूम नाहीसा होतो. मग पंपाला इंजिनाचा वेग कळत नाही आणि इंजिन हाताबाहेर पळू शकतं. तुमच्या गाडीत अशी नळी दिसली तर दोनच रस्ते आहेत: मेकॅनिकल गव्हर्नरचा पंप बसवा किंवा टर्बोचा नाद सोडा. ती नळी टर्बोच्या आधीच्या पाइपला जोडून काम भागेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

कोणता टर्बो घ्यायचा

शहाणपणाचा मार्ग म्हणजे कंपनीने स्वतः तेच इंजिन टर्बोसह विकलं आहे का ते शोधणं. महिंद्राच्या जुन्या डीआय इंजिनाचं माप २५२३ सीसी. त्याच मापाचं इंजिन पुढे बोलेरोत टर्बोसह आलं. टाटाच्या १९४८ सीसी डिझेलचंही तसंच: आधी बिनटर्बोचं, आणि १९९८ च्या सफारीत टर्बोसह. अशा वेळी भंगारातून नुसता टर्बो उचलू नका. मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट गोळा करणारा ओतीव भाग), ऑइलचे दोन्ही पाइप, ब्रॅकेट, हवेचे पाइप आणि सायलेन्सरचा पुढचा तुकडा असा अख्खा संच एकाच गाडीचा घ्या. मात्र पिढीनुसार हेड आणि पोर्ट बदलतात. म्हणून तुमच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग सोबत न्या आणि जागेवरच ठेवून पाहा. कंपनीच्या टर्बो इंजिनात पुष्कळदा पिस्टनखाली तेलाचा फवारा मारणाऱ्या जेट असतात आणि कॉम्प्रेशन रेशो कमी ठेवलेला असतो. तुमच्या इंजिनात हे नसेल, तर दाब ०.४ ते ०.५ बारच्या पुढे नेऊ नका.

संच मिळाला नाही तर माप काढावं लागतं. हिशेब सोपा आहे. २५२३ सीसीचं इंजिन ३,२०० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे ४,०४० लिटर जागा रिकामी करतं, कारण प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो. प्रत्यक्षात त्यातली ८५ टक्के भरते असं धरा, म्हणजे ३,४३० लिटर. इंदूरच्या हवेची घनता ३० अंशांत दर घनमीटरला जेमतेम १.१ किलो असते. म्हणजे टर्बोशिवाय मिनिटाला पावणेचार किलोच्या आसपास हवा जाते. अर्धा बार दाब दिल्यावर ती पाच किलोपर्यंत जाते. दोन ते अडीच लिटरच्या डिझेल गाडीवर आलेला टर्बो यात आरामात बसतो. ट्रकचा मोठा टर्बो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. तो वरच्या फेऱ्यांशिवाय दाब देणार नाही, आणि घाटात गरज असते ती १,६०० ते २,२०० फेऱ्यांवर.

वेस्टगेटचा, म्हणजे दाब ठरलेल्या हद्दीपुढे गेला की एक्झॉस्टचे वायू बाजूने सोडणाऱ्या झडपेचा, साधा टर्बो घ्या. पंख्याभोवतीच्या पाती फिरणारा व्हीजीटी टर्बो कंट्रोलरशिवाय नीट चालत नाही, आणि जुन्या पिकअपमध्ये कंट्रोलर येणार कुठून?

देवास नाका आणि ट्रान्सपोर्ट नगरच्या बाजूला चांगला माल मिळतो, पण बघून घेणं आपल्याच हाती आहे. शाफ्टचं टोक चिमटीत धरून पुढे-मागे ओढा. हाताला हालचाल जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग गेलं, तो टर्बो खाली ठेवा. आडवी-उभी हालचाल थोडी असते, कारण तेलाविना बेअरिंगमध्ये फट असतेच. "इतना प्ले तो चलता है साहब" हे मिस्त्रीचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं आहे. पण एका बाजूला दाबून फिरवताना पंखा घराला घासला तर ते खरं नाही. ॲल्युमिनियमच्या पंख्याच्या कडा बोटाने आणि टॉर्चने तपासा. पातीला टवका असेल तर तोल गेलेला असतो. तो कानशीने घासून सारखा करून देणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. एक्झॉस्टच्या घरात वेस्टगेटच्या भोकापासून निघालेल्या भेगा बघा. केसाएवढ्या भेगा जुन्या टर्बोत सापडतात, आरपार गेलेली चालणार नाही. ऑइल बाहेर पडण्याच्या भोकात काळं, कडक कोळशासारखं साचलं असेल तर आधीच्या मालकाने गाडी तापलेली असतानाच बंद करायची सवय ठेवली होती. शेवटी वेस्टगेट उघडणाऱ्या ॲक्च्युएटरला हातपंपाने हवा द्या आणि किती दाबावर दांडा हलतो ते मोजा. नळी बंद केल्यावर दाब टिकला पाहिजे.

शंका असेल तर घर जुनं ठेवून आतला बॅलन्स केलेला कोअर (शाफ्ट, पंखे आणि बेअरिंगचा भाग) नवा घाला. खर्च वाढतो, पण मी स्वतःच्या गाडीला हेच करेन. टर्बोला जेवढे पैसे लागतील तेवढेच पाइप, पॅकिंग, मीटर आणि लेथच्या कामासाठी बाजूला ठेवा.

बसवणं

मॅनिफोल्ड तयार मिळाला नाही तर जुन्या ओतीव मॅनिफोल्डवर अडॅप्टर लावता येतो. १२ मिलिमीटरची पोलादी प्लेट घेऊन एका बाजूला मॅनिफोल्डचे आणि दुसऱ्या बाजूला टर्बोचे बोल्ट, आणि मध्ये जाड भिंतीचा पाइप. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात हे काम करणारे लेथवाले आहेत. वेल्डिंगनंतर फ्लँजचा पृष्ठभाग पुन्हा सपाट करून घ्यायला सांगा, कारण तापून तो वाकतोच. टर्बोचं सगळं वजन पातळ पाइपवर लटकवू नका, खालून ब्रॅकेटचा आधार द्या. मात्र तो आधार गरम होऊन सरकायला थोडी मोकळीक ठेवणारा हवा, नाहीतर मॅनिफोल्डला भेग जाईल.

टर्बो कसाही वळवून बसत नाही. शाफ्ट आडवा आणि तेल बाहेर पडायचं तोंड सरळ खाली हवं. फार तर १५-२० अंशांचा कल चालेल. बोल्ट ढिले केले की एक्झॉस्टचं घर आणि हवेचं घर दोन्ही फिरवता येतात, त्यामुळे पाइप कुठल्या दिशेला न्यायचे ते आधी ठरवा, मग बोल्ट आवळा.

आता तेल. यात घाई केली तर बाकीचं सगळं फुकट जातं. आत येणारं तेल मुख्य गॅलरीतून, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या मुख्य वाहिनीतून घ्या. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावली की काम होतं. पाइप पोलादी किंवा जाळीदार वेष्टणाचा, आतून ४ ते ५ मिलिमीटर. साधा रबरी पाइप एक्झॉस्टशेजारी फार दिवस टिकत नाही, आणि तो फुटला तर तापलेल्या मॅनिफोल्डवर तेलाची पिचकारी उडून आग लागते.

परत जाणाऱ्या तेलाकडे त्याहून जास्त लक्ष द्या. टर्बोतून बाहेर पडणाऱ्या तेलाला दाब नसतो. फेसाळलेलं ते तेल केवळ उतारावरून ओघळतं. म्हणून हा पाइप जाड हवा, आतून निदान १६ ते १९ मिलिमीटर, आणि सतत उताराचा. मध्ये कुठेही झोळ पडू देऊ नका. चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) तेलाच्या पातळीच्या वर तो उघडला पाहिजे. पातळीखाली उघडला तर तेल मागे तुंबतं, सीलमधून हवेच्या पाइपात शिरतं, आणि मग नवा टर्बोसुद्धा खराब असल्यासारखा निळा धूर मारतो. चेंबरला भोक पाडायचं तर तो काढून खाली घ्या, बंग (पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) वेल्ड करा आणि आतून धुवा. चेंबर गाडीवरच ठेवून ड्रिलला ग्रीस लावून भोक पाडणारे भेटतील, पण ग्रीसमधून सुटलेला एक कण बेअरिंगसाठी पुरेसा आहे. तेलाच्या पॅकिंगला सिलिकॉन लावू नका. त्याचा सुटलेला तुकडा बारीक भोकात अडकतो. कागदी किंवा धातूचंच पॅकिंग वापरा.

हवेच्या बाजूला मोठा एअर फिल्टर आणि दाब सोसणारे सिलिकॉन होज घ्या. क्लॅम्प आणि बोल्ट सियागंजात मिळतील. पट्टी-स्क्रूचे स्वस्त क्लॅम्प होज कापतात, टी-बोल्टवाले घ्या. टर्बोचा आधीचा मालक तेल गळत चालवत असेल तर त्याचा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) डिझेलने धुऊन, उलटा ठेवून पूर्ण निथळू द्या. इंटरकूलर लावावा का? अर्ध्या बारला तो अत्यावश्यक नाही. पण मे महिन्यातली ४२ अंशांची हवा दाबली की शंभर अंशांच्या वर जाते, आणि गरम हवा पुन्हा विरळच. पुढच्या जाळीमागे जागा असेल तर लावाच.

एक्झॉस्टला टर्बोपासून सव्वादोन ते अडीच इंची पाइप, मध्ये लवचीक जोड. क्लच आणि ब्रेकच्या नळ्या, वायरिंग आणि डिझेलचे पाइप टर्बोपासून दूर न्या, आणि मध्ये पत्र्याचं संरक्षण घाला.

मीटर लावल्याशिवाय स्टार्टर फिरवू नका

दाबाचा मीटर, ऑइल प्रेशरचा मीटर, आणि सर्वात गरजेचा एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर. त्याचा के-टाइप सेन्सर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवा. मॅनिफोल्डला भोक पाडून आटे पाडायचे असतील तर टर्बो बसवण्याआधीच, म्हणजे कीस पंख्यात जाणार नाही. टर्बोनंतर सेन्सर लावला तर तापमान शंभर अंशांनी किंवा त्याहूनही कमी दिसू शकतं आणि मनाला खोटा दिलासा मिळतो. सलग चढणीत ६५० अंश ही मर्यादा माना. क्षणभर ७०० चालतं, त्यावर पाय काढायचा.

पहिला स्टार्ट

टर्बोच्या वरच्या भोकात स्वच्छ इंजिन ऑइल ओता आणि पंखा हाताने फिरवा. परतीचा पाइप खाली डब्यात सोडा, डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढा, आणि थोड्या थोड्या वेळाने थांबत स्टार्टर मारा. डब्यात तेलाची धार दिसली की पाइप जोडा, वायर लावा, स्टार्ट करा. पाच मिनिटं फक्त आयडल. ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, तोपर्यंत दुसऱ्याने टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघावा.

इनटेकच्या तोंडापाशी मजबूत लाकडी फळी घेऊन एक माणूस उभा ठेवा. सीलमधून तेल शिरलं तर डिझेल इंजिन स्वतःच्याच तेलावर पळतं, चावी काढली तरी थांबत नाही. तेव्हा फळीने हवा बंद करायची. हाताने कधीही नाही.

पंप, मग घाट

पहिले ५०० किलोमीटर पंपाला हात लावू नका. मग सगळे बोल्ट आणि क्लॅम्प थंड इंजिनावर पुन्हा आवळा. आता गाडी भरून भेरूघाट खालून वर चढवा. एक जण फक्त मीटर बघेल, चालवणारा रस्ता बघेल. धूर जवळजवळ गेलेला आणि तापमान ६०० च्या आत असेल तर डिझेल लॅबमध्ये थोडं डिझेल वाढवायला वाव आहे. स्क्रू अगदी थोडा फिरवून पुन्हा तोच घाट, तोच भार. काळा धूर परत दिसला म्हणजे हवेपेक्षा डिझेल जास्त झालं, एक पाऊल मागे या. पीयूसीतही तो पकडला जाईल. बीएस-४ आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराच्या दाटपणाचं माप) आहे. दाब वाढवण्यासाठी वेस्टगेटचा दांडा आखूड करण्याचा मोह टाळा. हेड पॅकिंग त्यातच जातं.

क्लच घसरतो का बघा: फेऱ्या चढल्या आणि वेग नाही वाढला तर वाढवलेलं डिझेल परत कमी करा किंवा क्लच बदला. उतरताना टर्बो ब्रेकला मदत करत नाही. महूपलीकडे गणेश घाटासारख्या उतारांवर पूर्वी ज्या गिअरमध्ये उतरत होता त्याच गिअरमध्ये उतरा.

चालवणाऱ्याने पाळायचं

गाडी ड्रायव्हर चालवत असेल तर हे त्याला समोर बसवून सांगा. सकाळी स्टार्ट केल्यावर मिनिटभर आयडल. घाट चढून आल्यावर ढाब्यावर लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं चालू ठेवायची, नाहीतर तापलेल्या शाफ्टवरचं तेल जळून कोळसा होतं. ऑइल सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४०, दर ५,००० किलोमीटरला फिल्टरसह बदलायचं. गहू-सोयाबीनच्या हंगामात एअर फिल्टर दर आठवड्याला बघायचा.

हजार किलोमीटर झाले की टर्बोच्या तोंडावरचा होज काढा. आत तेलाचा हलका ओलावा असेल तर तो ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचा), चालतो. डबकं साचलं असेल तर आधी परतीचा पाइप आणि ब्रीदर तपासा, टर्बोला दोष नंतर द्या. शाफ्ट पुन्हा चिमटीत धरून ओढून बघा, ॲक्च्युएटरचा दांडा अडकत नाही ना पाहा, आणि कॉम्प्रेशनचे सुरुवातीला लिहून ठेवलेले आकडे पुन्हा मोजून त्याच वहीत शेजारी लिहा.